वस्तीशेजारी डेटा सेंटर येताना हरकत कशी, कुठे आणि कधी घ्यावी

ठाणे-बेलापूर रस्त्याने दिघ्याहून महापेकडे निघाले की डाव्या हाताला, पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी, जुन्या कारखान्यांच्या भूखंडांवर उभ्या राहिलेल्या बिनखिडक्यांच्या उंच इमारती दिसतात. उजव्या हाताला रेल्वेमार्ग आणि त्यापलीकडे ऐरोली, रबाळे, घणसोलीची गावठाणे व वसाहती आहेत. डोंगराच्या अंगाला इलठणपाड्यासारख्या वस्त्या तर या इमारतींना खेटूनच आहेत. मी घणसोलीतील आमच्या गृहनिर्माण संस्थेचा सचिव असताना जवळच एक मोठे डेटा सेंटर, म्हणजे हजारो संगणक अहोरात्र चालवणारी इमारत, उभे राहिले. त्या काळात आम्ही जे उशिरा शिकलो, ते इतरांना वेळेत कळावे यासाठी हा लेख लिहीत आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यावर अवलंबून आहे. डेटा सेंटरसाठी सहसा जनसुनावणी होत नाही. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकाम असलेल्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागते, परंतु बांधकाम प्रकल्पांच्या या गटाला जनसुनावणीतून वगळलेले आहे. औष्णिक वीज केंद्र येणार असेल तर मंडप घालून, ध्वनिक्षेपक लावून लोकांचे म्हणणे ऐकावे लागते. अनेक मोठ्या जनरेटरची सोय असलेले डेटा सेंटर मात्र कागदावर एक इमारत असते. त्यामुळे ‘सुनावणीची नोटीस येईल, तेव्हा बोलू’ असे म्हणत जो थांबतो, त्याच्यापर्यंत नोटीस कधीच येत नाही. जी सुनावणी कायद्याने दिलेली नाही, ती अर्ज, हरकती आणि नोंदी यांच्या बळावर आपणच घडवून आणावी लागते.

विरोध नेमका कशाला, हे पहिल्या बैठकीत ठरवा

पहिल्या बैठकीत ‘प्रकल्प रद्द झालाच पाहिजे’ अशी घोषणा होते आणि ती स्वाभाविक आहे. पण भूखंड औद्योगिक क्षेत्रातला असेल, तर केवळ शेजार नको म्हणून प्रकल्प रद्द होण्याची शक्यता फार कमी असते, हे लोकांना प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ॲरिझोनातील टूसॉन शहराच्या परिषदेने ऑगस्ट २०२५ मध्ये एका प्रचंड डेटा सेंटरची जागा शहराच्या हद्दीत घेण्यास एकमताने नकार दिला. तेथे हद्दवाढीचा निर्णय लोकप्रतिनिधींच्या हातात होता, म्हणून लोकांच्या दबावाला धार आली. आमच्या ठाणे-बेलापूर पट्ट्यातील टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक क्षेत्रात भूखंड एमआयडीसीचा, नियोजन प्राधिकरण एमआयडीसीच आणि वापर आधीच औद्योगिक, त्यामुळे तो दरवाजा येथे बंद असतो. भूखंड निवासी, हरित किंवा सार्वजनिक वापराच्या आरक्षणातला असेल आणि वापर बदलण्याचा प्रस्ताव असेल, तर चित्र वेगळे असते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली फेरबदलाची सूचना प्रसिद्ध होऊन हरकतींसाठी एक महिना मिळतो, आणि त्या महिन्यात आलेल्या हरकतींची नोंद सरकारला घ्यावीच लागते.

म्हणून मागण्यांचे दोन गट करावेत. जागा मुळातच चुकीची असल्यास, म्हणजे ती कांदळवनाच्या ५० मीटरच्या आत, सीआरझेडमध्ये (किनारपट्टी नियमन क्षेत्रात) किंवा हरित पट्ट्यात असल्यास, प्रकल्पालाच हरकत घ्यावी. मुंबई उच्च न्यायालयाचा सप्टेंबर २०१८ चा कांदळवनांसंबंधीचा निकाल तेथे भक्कम आधार ठरतो. जागा औद्योगिक असल्यास आवाज, धूर, पाणी, डिझेलचा साठा, रस्ते आणि रोजगार यांवर लेखी, मोजता येतील अशा अटी मागाव्यात. दुसऱ्या गटाला काही जण ‘तडजोड’ म्हणतात, ते मला पटत नाही. रात्रीच्या आवाजाची लेखी मर्यादा ही दहा मोर्चांपेक्षा अधिक काळ टिकते.

प्रकल्पाचा आकार स्वतः काढा

डेटा सेंटरचा आकार मजल्यांवर नव्हे, मेगावॅटवर मोजतात. जाहिरातीत दिलेला आकडा बहुधा संगणकांच्या विजेचा, म्हणजे ‘आयटी लोड’चा असतो, शीतकरण, दिवे आणि विजेची गळती धरून प्रत्यक्ष वापर त्याहून जास्त होतो. एकूण वापर भागिले आयटी लोड, या गुणोत्तराला पीयूई म्हणतात. आपल्याकडच्या उकाड्यात ते दीडच्या आसपास धरून हिशेब करावा आणि कंपनीने कमी असल्याचा दावा केला, तर पुरावा मागावा.

समजा आयटी लोड ५० मेगावॅट आहे. दीडने गुणल्यास ७५ मेगावॅट, म्हणजे दिवसाला १८ लाख युनिट होतात. महिन्याला ३०० युनिट वापरणाऱ्या घरांचा हिशेब लावला, तर ही १,८०,००० घरांची वीज आहे. एवढी वीज महापारेषणच्या उच्चदाब उपकेंद्रातूनच आणावी लागते, म्हणून वाहिनी कोठून येणार, कोणते रस्ते खोदले जाणार आणि ते पावसाळ्यापूर्वी बुजवले जाणार का, हे प्रश्न पहिल्याच पत्रात घालावेत. ‘आमच्या घरची वीज जाईल’ असे मोघम लिहू नये, कारण ‘त्यांची वाहिनी स्वतंत्र आहे’ एवढ्या एका ओळीत त्याचे उत्तर मिळते. उपकेंद्राची क्षमता किती, त्यापैकी मंजूर भार किती आणि हा भार वाढल्यावर शिल्लक किती, असे विचारावे. आयर्लंडमध्ये २०२३ साली देशातील मोजणी झालेल्या विजेपैकी २१ टक्के वीज डेटा सेंटर्सनी वापरली आणि डब्लिनभोवती नव्या जोडण्या रोखण्याची वेळ आली. जोडण्यांचा एकत्रित हिशेब न मांडता एकेक परवानगी देत गेल्याचा हा परिणाम होता.

पाण्याचा हिशेब थोडा समजून घ्यावा लागतो. उष्णता बाहेर टाकण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. कूलिंग टॉवरमध्ये पाणी वाफ होऊन उडून जाते. सगळा थंडावा त्यावर असेल तर संगणकांच्या प्रत्येक युनिट विजेमागे साधारण दीड ते दोन लिटर पाणी लागते. ५० मेगावॅटला दिवसाला १२ लाख युनिट, म्हणजे १८ ते २४ लाख लिटर पाणी. माणशी १३५ लिटर या नागरी प्रमाणाने ते तेरा ते अठरा हजार लोकांचे पाणी होते. दुसऱ्या रीतीत गच्चीवर हवेने थंड होणारे चिलर, म्हणजे शीतकरण यंत्रे, बसवतात. त्यांना पाणी जवळजवळ लागत नाही, पण वीज जास्त लागते आणि मोठाले पंखे अहोरात्र फिरत राहतात. येथेच अनेक आंदोलने फसतात. ‘पाणी वापरू नका’ एवढीच मागणी केली तर कंपनी आनंदाने ती मान्य करते आणि तेच पाणी आवाजाच्या रूपाने आपल्या गच्चीवर येते. दोन्ही मागण्या एकाच पत्रात, एकाच वाक्यात बांधाव्यात.

पाणी येणार कोठून, हाही आपल्याकडे स्वतंत्र विषय आहे. टीटीसीला एमआयडीसीचे पाणी बदलापूरजवळच्या बारवी धरणाच्या योजनेतून मिळते, तर महानगरपालिकेचे मोरबे धरणातून. आणि दिघा-ऐरोलीच्या काही भागांना एमआयडीसीच्या पाण्यावरही अवलंबून राहावे लागते. ज्या वस्तीत दिवसाआड नळ येतो, तिला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. महापालिकेने ऐरोली आणि कोपरखैरणे येथे सांडपाण्यावर तृतीय स्तरावरील प्रक्रिया करणारी केंद्रे उद्योगांना पाणी देण्यासाठीच उभारली आहेत. त्यामुळे ‘शीतकरणासाठी केवळ प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरावे, पिण्याच्या पाण्याची जोडणी कर्मचाऱ्यांच्या गरजेपुरतीच असावी आणि दोन्हींना स्वतंत्र मीटर असावेत’ ही मागणी येथे पूर्णपणे व्यवहार्य आहे.

डिझेलचा आकडा मात्र लोकांना खरोखर हलवतो. एका लिटरमागे साडेतीन ते चार युनिट वीज मिळते असे धरले, तर ७५ मेगावॅट जनरेटरवर चालवण्यास तासाला जवळपास २०,००० लिटर, म्हणजे एक भरलेला टँकर लागतो. एका दिवसाचा साठा ठेवायचा तर जवळपास पाच लाख लिटर. १२ ऑक्टोबर २०२० रोजी कळवा-पडघा भागातील वाहिन्यांच्या बिघाडानंतर मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई अंधारात गेली होती. असा दिवस उगवला तर हे सगळे जनरेटर एकाच वेळी चालतील, आणि त्या दिवसाचा विचार परवानगी देतानाच झाला पाहिजे.

कागद मिळवा, पत्र नंतर

आमची मोठी चूक येथे झाली. कुंपणाचे पत्रे लागलेले पाहून आम्ही आधी सह्यांची मोहीम घेतली, निवेदने दिली, फलक लावले. कागद हातात आले तेव्हा कळले की पर्यावरण मंजुरी मिळून चार महिने उलटले होते आणि अपिलाची मुदत संपली होती. निवेदन ज्या अधिकाऱ्यांना दिले, ते हसतमुखाने स्वीकारले गेले. मुदत गेली आहे, हे कोणीही सांगितले नाही.

पुढील कागद आधी शोधावेत. पर्यावरण मंजुरीचा अर्ज, संकल्पनात्मक आराखडा आणि मंजुरीपत्र ‘परिवेश’ या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर सापडतात. राज्याची तज्ज्ञ मूल्यांकन समिती आणि पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरण यांच्या बैठकींची विषयपत्रिका व कार्यवृत्तही प्रसिद्ध होते. दर आठवड्याला एकाने ते पाहण्याचे काम अंगावर घ्यावे आणि भूखंड क्रमांकाने शोधावे, कारण कंपनीचे नाव अनेकदा अनोळखी, नव्याने स्थापन केलेल्या उपकंपनीचे असते. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची ‘कन्सेंट टू एस्टॅब्लिश’ (उभारणीची संमती) आणि नंतरची ‘कन्सेंट टू ऑपरेट’ (चालवण्याची संमती), एमआयडीसीची बांधकाम परवानगी व मंजूर नकाशे, अग्निशमन विभागाचा ना-हरकत दाखला, डिझेल साठ्याचा परवाना आणि वृक्षतोडीची परवानगी हे उरलेले कागद माहिती अधिकारातून मागावेत. डिझेलबाबत लक्षात ठेवावे की २,५०० लिटरवरील साठ्याला पेट्रोलियम कायद्याखाली पेसो या केंद्रीय यंत्रणेचा परवाना लागतो.

माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांच्या शुल्कासह जातो आणि ३० दिवसांत उत्तर अपेक्षित असते. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि सुमारे १५० शब्दांचा असावा लागतो, म्हणून प्रत्येक विषयाला वेगळा अर्ज करावा. अर्जात ‘का’ विचारू नये, कागद मागावा. उदाहरणार्थ:

‘टीटीसी औद्योगिक क्षेत्रातील भूखंड क्र. … येथील प्रकल्पाबाबत पुढील कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात. १. जनरेटर संचांची मंजूर संख्या, प्रत्येकाची केव्हीए क्षमता, धुराड्याची उंची आणि जागा दर्शविणारा नकाशा. २. डिझेल साठ्याची मंजूर क्षमता. ३. ध्वनिपातळीचा अभ्यास अहवाल सादर झाला असल्यास त्याची प्रत. ४. या भूखंडाच्या फाइलमधील टिपण्या. तसेच सदर फाइलची प्रत्यक्ष पाहणी करू द्यावी.’

फाइलची पाहणी हा या अर्जातला सर्वांत मोलाचा भाग आहे, कारण टिपण्यांमध्ये अधिकाऱ्यांनी स्वतः काढलेल्या शंका असतात. उत्तर नाकारले किंवा आले नाही, तर ३० दिवसांत पहिले अपील आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे दुसरे अपील करावे. व्यापारी गोपनीयतेचे कारण पुढे आल्यास, व्यापक जनहित असेल तर तीही माहिती देता येते, या कायद्यातीलच तरतुदीकडे अपिलात बोट दाखवावे.

कागद आल्यावर एक गोष्ट आवर्जून तपासावी: शेजारच्या भूखंडांवर त्याच मालकाचे आणखी टप्पे आहेत का? प्रत्येक इमारत २०,००० चौरस मीटरच्या खाली दाखवून पर्यावरण मंजुरीच टाळली जात असेल, तर सामाईक उपकेंद्र, सामाईक जलवाहिनी किंवा सामाईक प्रवेशद्वार नकाशावर दाखवून हा एकच प्रकल्प असल्याचे मांडता येते.

आधीची नोंद ठेवा

नंतर मोजलेल्या आवाजाला आधीच्या आवाजाची जोड नसेल, तर ‘हा रस्त्याचाच आवाज आहे’ असे उत्तर मिळते आणि त्यावर बोलता येत नाही. म्हणून बांधकामापूर्वी, नाहीतर निदान यंत्रे सुरू होण्यापूर्वी, पंधरा दिवसांची नोंद करावी.

ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्राची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. औद्योगिक क्षेत्राची अनुक्रमे ७५ आणि ७०. रात्र म्हणजे १० ते ६. कंपनी तिच्या कुंपणाशी ७० डेसिबल असल्याचे सांगेल, पण मर्यादा प्रत्येक परिसराची असते, म्हणून आपल्या निवासी इमारतीशी ४५ ची मर्यादाच लागू आहे, असे आग्रहाने लिहावे. प्रमाणापेक्षा १० डेसिबल किंवा त्याहून अधिक आवाज असल्यास नियम ७ खाली थेट तक्रार करता येते.

मोजणी तळमजल्यावर करू नये. चिलरचे पंखे गच्चीवर असतात, त्यामुळे तळमजल्यावर कुंपणभिंत आवाज अडवते आणि पाचव्या-सातव्या मजल्यावर तो सरळ घरात शिरतो. भिंतीपासून शक्य तितके दूर, त्या मजल्याच्या फरशीपासून सव्वा-दीड मीटर उंचीवर, वारा-पाऊस नसताना, रात्री १ ते ४ या वेळात मोजावे. मोबाइलचे ॲप पुरावा म्हणून लंगडे पडते, पण रोजच्या नोंदीला उपयोगी असते. तक्रारीपूर्वी एकदा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून मोजून घ्यावे.

आणि नेहमीच्या ‘ए’ भारित डेसिबलसोबत, खालच्या पट्टीचा आवाजही पकडणारा ‘सी’ भारित आकडाही घ्यावा, कारण या यंत्रांचा आवाज खालच्या पट्टीतला, घुमणारा असतो आणि ‘ए’ मोजणीत तो कमी दिसतो. आमच्या तिसऱ्या मजल्यावरील आजींना रात्री फ्रिज घरघरतो असे वाटू लागले. त्यांनी मेकॅनिक बोलावला. त्याने फ्रिजची पिन काढली, तरी घरघर थांबली नाही; मग त्याने स्वयंपाकघराच्या भिंतीला तळहात लावून पाहिला आणि आजींचा हातही तेथे टेकवला. भिंत बारीक थरथरत होती. आजींनी ती तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवली, आणि पुढे आमच्या तक्रारीत आवाज सुरू झाल्याचा पहिला दिवस म्हणून तीच नोंद वापरली गेली.

धुराची नोंद याहून सोपी आहे. जनरेटर बंद असले तरी त्यांची नियमित चाचणी होते, बहुधा ठरावीक वारी. पांढरे स्वच्छ ताट गच्चीवर ठेवून चाचणीपूर्वी व नंतर तारीख-वेळेसह छायाचित्र घ्यावे. उन्हाळ्यात गच्चीवर घातलेल्या कुरडयांवर काळे कण पडले की बायका लगेच सांगतात. ते सांगणे वहीत उतरवून घेणारा कोणी तरी हवा. येथे एक तांत्रिक बारकावा उपयोगी पडतो. १ जुलै २०२३ पासून लागू झालेले जनरेटरचे कडक उत्सर्जन निकष ८०० किलोवॅटपर्यंतच्या संचांना आहेत, आणि डेटा सेंटरमधील संच बहुतेक त्याहून मोठे असतात. म्हणून ‘नियमानुसार आहे’ हे उत्तर पुरेसे मानू नये. मोठ्या संचांनाही धूर-शुद्धीकरण यंत्रणा बसवण्याची, चाचण्या एकेक करून, दिवसा आणि पूर्वसूचनेने घेण्याची अट मागावी.

पायाखोदाई पारसिकच्या काळ्या पाषाणात होणार असेल, तर घरातील जुन्या भेगांचे मोजपट्टी धरून छायाचित्र काढावे आणि मोठ्या भेगेवर प्लास्टरने काचेची पातळ पट्टी बसवावी. भेग वाढली की काच तडकते.

गाव आणि सोसायटी एकत्र

सर्वसाधारण सभेत ठराव करून दोन जणांना पत्रव्यवहाराचे अधिकार द्यावेत. ठरावाशिवाय दिलेले पत्र ‘एका व्यक्तीची तक्रार’ ठरते. त्यानंतर सोसायट्यांनी आपसात भेटण्याआधी गावठाणात जावे. टीटीसीच्या जमिनी येथील आगरी-कोळी कुटुंबांच्या होत्या, आणि संपादन, भरपाई, आश्वासने यांचा अनुभव त्यांना तीन पिढ्यांचा आहे. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान फाट्याच्या परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील भूमिपुत्रांच्या जमीन आंदोलनात पाच जणांचे प्राण गेले आणि पुढे साडेबारा टक्के भूखंडांची योजना आली, हा इतिहास ज्यांच्या घरातला आहे त्यांना ‘जागृती’ शिकवायला जाऊ नये. गावातील काकांना, दादांना विचारावे की त्यांची मागणी काय आहे. बहुधा ती रोजगाराची असते, आणि सोसायटीवाल्यांनी ती आपल्या पत्रात घेतली पाहिजे. बांधकाम संपल्यावर अशा इमारतीत कायम नोकऱ्या थोड्या असतात, म्हणून सुरक्षा, विद्युत देखभाल आणि शीतकरण यंत्रणेची देखभाल या कामांत प्रकल्पग्रस्तांच्या मुलांना प्रशिक्षणासह किती जागा, हे संख्येने मागावे. खाडीतील मासेमारी करणाऱ्यांचा प्रश्नही याच पत्रात यावा: कूलिंग टॉवरमधील क्षारयुक्त पाणी नाल्यात सोडले जाणार का? ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे.

हरकतीचे पत्र

पत्र दोन पानांच्या वर नसावे. प्रत्येक परिच्छेदात एक तथ्य, त्याचा कागद आणि एक मागणी असावी. ‘आरोग्यावर गंभीर परिणाम होतील’ यापेक्षा ‘प्रकल्पाच्या नकाशानुसार जनरेटरची रांग आमच्या इमारतीपासून इतक्या मीटरवर आहे, ती भूखंडाच्या पूर्वेकडील बाजूस हलवावी’ हे लिहावे. आराखडा कागदावर असताना जनरेटरची रांग हलवणे कंपनीला फारसे जड जात नाही. काँक्रीट पडल्यावर ते जवळजवळ अशक्य होते. मी मागणीत पुढील गोष्टी नक्की घालीन: वस्तीकडील बाजूस ध्वनिरोधक पडदे, निवासी हद्दीवर अखंड ध्वनिमापन यंत्र व त्याचे आकडे लोकांना दिसतील असा फलक, डिझेल आणि लिथियम बॅटरींसाठी आपत्कालीन आराखडा व वस्तीसह वार्षिक रंगीत तालीम, टँकर व मिक्सर गाड्यांच्या वेळा, आणि तक्रारीसाठी चोवीस तास उचलला जाणारा फोन.

हे पत्र पर्यावरणविषयक तज्ज्ञ समितीचे सचिव, प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रादेशिक व उपप्रादेशिक अधिकारी, एमआयडीसी, महानगरपालिका आयुक्त आणि जिल्हाधिकारी यांना एकाच दिवशी द्यावे. प्रत्येक ठिकाणी आवक क्रमांकाची पोच घ्यावी. एका कार्यालयात खिडकीवरील गृहस्थांनी आमचे पत्र ठेवून घेतले आणि ‘साहेब आल्यावर शिक्का मिळेल’ असे सांगितले. तो शिक्का कधीच मिळाला नाही आणि पुढे पत्र आलेच नाही असे उत्तर आले. तेव्हापासून आम्ही तेच पत्र पोचपावतीच्या रजिस्टर टपालानेही पाठवू लागलो. उत्तर न आल्यास महिन्याच्या पहिल्या सोमवारी होणाऱ्या लोकशाही दिनात विषय मांडता येतो. त्यासाठी अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो.

झाडे तोडायची असतील तर वृक्ष अधिकाऱ्याची जाहीर सूचना झाडांवर आणि वर्तमानपत्रात लागते आणि हरकतीला अवघे सात दिवस असतात. त्या सात दिवसांत प्रत्येक झाडाचा क्रमांक, जात आणि बुंध्याचा घेर लिहून हरकत द्यावी.

मोर्चा काढायचा तर पोलिसांची लेखी परवानगी घेऊन, आणि हरकत दाखल झाल्यानंतरच काढावा, म्हणजे बातमीत घोषणांसोबत मागण्याही छापून येतात. समाजमाध्यमांवर कोणाही अधिकाऱ्यावर पैसे घेतल्याचा आरोप पुराव्याशिवाय करू नये. बदनामीच्या एका नोटिशीने सारी समिती मागे हटलेली मी पाहिली आहे.

हरित लवादाची वेळ

पर्यावरण मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या (हरित लवादाच्या) पुण्यातील पश्चिम खंडपीठाकडे ३० दिवसांत अपील करावे लागते. सबळ कारण दिल्यास आणखी ६० दिवस मिळू शकतात, त्यानंतर दार बंद होते. मंजुरी मिळाल्याची जाहिरात कंपनीला स्थानिक वर्तमानपत्रांत द्यावी लागते, त्यातील एक मराठी असते, म्हणून ते कात्रण तारखेसह जपून ठेवावे. चालू असलेल्या आवाज-धुराच्या उल्लंघनासाठी अपील नव्हे, तर मूळ अर्ज असतो आणि त्याला कारण प्रथम घडल्यापासून सहा महिन्यांची मुदत आहे. आजींच्या दिनदर्शिकेचे महत्त्व येथे कळते. भरपाई मागितलेली नसल्यास शुल्क १,००० रुपये आहे आणि अर्जदार स्वतः बाजू मांडू शकतो, पण पर्यावरण कायदा जाणणारा वकील घेणेच श्रेयस्कर. बांधकाम परवानगी किंवा वृक्षतोडीच्या कायद्याचा भंग हा विषय लवादाच्या कक्षेत येत नाही. त्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागते, आणि दोन्ही विषय एका अर्जात मिसळल्यास वेळ वाया जातो. तातडीच्या सार्वजनिक उपद्रवासाठी भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करण्याचा मार्गही आहे, तो फारसे कोणी वापरत नाही.

यंत्रे सुरू झाल्यानंतर

पर्यावरण मंजुरीतील अटींचे पालन कसे झाले, याचा अहवाल प्रकल्पाला दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबर रोजी द्यावा लागतो. त्या तारखांनंतर तो मिळवून आपल्या वहीशी ताडून पाहावा. अहवालात रात्रीचा आवाज ‘मर्यादेत’ लिहिलेला असेल, तर कोठे, कोणत्या मजल्याच्या उंचीवर आणि किती वाजता मोजला, हे विचारावे. फरक आढळल्यास नागपूर येथील केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या एकात्मिक प्रादेशिक कार्यालयाला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला नोंदींसह लिहावे. ‘कन्सेंट टू ऑपरेट’ ठरावीक वर्षांसाठी असेल, तर तिच्या नूतनीकरणाची तारीख संमतीपत्रावरच छापलेली असते. त्या तारखेच्या सहा महिने आधी तक्रारींचा संच मंडळाकडे गेला पाहिजे, कारण नव्या अटी घालण्याची संधी त्याच वेळी असते.

आमच्या वहीत सहा रकाने आहेत: तारीख, वेळ, मजला, ए आणि सी डेसिबल, वारा कोणत्या दिशेचा, आणि नोंद करणाऱ्याची सही. रात्रपाळीचे सुरक्षारक्षक दोन वाजताची नोंद करतात, रविवारी समितीतील एक जण ती तपासतो. कार्यकारिणी बदलली तेव्हा सोसायटीच्या इतर कागदपत्रांसोबत ही वही, वर्तमानपत्रांची कात्रणे आणि पोच मिळालेल्या पत्रांची फाइल नव्या सचिवांना सही घेऊन सोपवली. नूतनीकरणाची तारीख फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलेली आहे.